मागच्या दाराचा अलार्म

वडूज,
दि. ५ मार्च २०२३

चि. सौ. क्रांतीस,
अ. उ. आ.

आम्ही दोघे बरे आहोत. आई तुझ्याशी फोनवर बोलते, पण फोन ठेवला की मला फक्त समदं ठीक हाय एवढंच हातानं सांगते. कानाचं यंत्र फोनला लावलं की शिट्टी मारतं, म्हणून माझी बाजू मी आपला पत्रानंच कळवतो.

पत्राचं कारण म्हणजे जावईपाव्हण्यांनी संक्रांतीला बसवून दिलेला अलार्म. पलीकडच्या आळीत भर दुपारी मागच्या दारानं चोरी झाली, तेव्हापासून जेवून आडवं व्हायच्या आधी अलार्म चालू करायचा असं आपलं ठरलं होतं. तसा मी करतो. रात्रीही करतो. रात्री तो मुकाट असतो आणि दुपारी तीनच्या सुमारास बोंबलतो. गेल्या आठवड्यात तीन वेळा बोंबलला. मी उठून पाहिलं, तिन्ही वेळा दार आतून बंद, कडी जागच्या जागी, परड्यात चिटपाखरू नाही.

तोफखान्यात पंचवीस वर्षं काढल्यामुळं मला त्या सायरनचा त्रास नाही. मला फक्त डब्यावरचा लाल दिवा लुकलुकताना दिसतो. त्रास तुझ्या आईला. ती मागच्या खोलीत खाटेवर नुकती डोळा लावते आणि सायरन तिच्या डोक्यावर. परवा दचकून उठली ती तांब्याला पाय लागून पडता पडता राहिली. हे तिनं तुला सांगितलं नसणार.

मला एका पालीचा संशय आहे. हॉलमधल्या सेन्सरच्या आसपास ती फिरत असते. पाव्हण्यांना विचारून काय करायचं ते सविस्तर लिही. तारखा आणि वेळा मी डायरीत टिपून ठेवतो आहे.

तुम्हा दोघांची सुखरूपता कळवत जा.

तुझा,
आप्पा


सांगली,
दि. १० मार्च २०२३

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल मिळालं. ह्यांना वाचून दाखवलं. पालीचं ऐकून हसले आणि म्हणाले की मामांनी निदान संशयित तरी पकडला. आईच्या तांब्याचं मात्र मी तिला फोनवर विचारलं, तर म्हणाली तुजा बा लय वाढवून लिवतो.

आता ह्यांनी सांगितलेलं नीट लिहिते. डब्यावरचं तीन नंबरचं बटण दाबलं की हॉलमधला सेन्सर बंद होतो आणि फक्त मागच्या दाराचा चालू राहतो. आठ दिवस तसं ठेवा. तरीही वाजला तर पाल सुटली आणि दार अडकलं. मागच्या दाराला दोन तुकडे आहेत, एक फळीवर आणि एक चौकटीवर. फळीवरच्यात लोहचुंबक आहे. दोन्ही समोरासमोर असले की अलार्म गप्प असतो, आणि त्यांच्यात दाण्याएवढं जरी अंतर पडलं की दार उघडलं असं समजून वाजतो. तेव्हा दोन्हींवरची धूळ कोरड्या फडक्यानं पुसा आणि चौकटीवरच्या तुकड्यातला छोटा सेल बदला. सेल पत्रासोबत पाठवला आहे, पाकीट फेकताना तो फेकू नका.

दुकान अजून चालायचं आहे. महिन्याभरात ह्यांनी दोनच घरी काम केलं. कारखान्यातली नोकरी सोडून हा धंदा काढला म्हणून सासरी रोज एक तरी टोमणा असतो. पण तुमच्या घरचं काम बघून वडुजात नाव होईल अशी ह्यांना आशा आहे, म्हणून तुमच्या एकेका वाजण्याची ह्यांना काळजी लागते.

आईला सांभाळा. स्वतःलाही.

तुमची,
क्रांती


वडूज,
दि. १९ मार्च २०२३

चि. सौ. क्रांतीस,
अ. उ. आ.

सेल मिळाला आणि बदलला. फडक्यानं पुसलं. तीन नंबरचं बटण दाबून हॉल बंद ठेवला. पाल निर्दोष सुटली. अलार्म आठ दिवस व्हायच्या आतच पाच वेळा वाजला, पाचही वेळा दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान. म्हणजे दोष मागच्या दाराच्या सेन्सरचाच, हे आता पक्कं समजावं.

शेजारच्या सुलाबाई काल दारात येऊन उभ्या राहिल्या. मला त्यांचं निम्मं कळलं, उरलेलं तुझ्या आईनं नंतर सांगितलं. त्यांची म्हैस दुपारच्या सायरननं बिचकते आणि संध्याकाळी पान्हा चोरते. आवं दादा, चोर परवाडला पर तुमचा भोंगा नगं, असं त्या म्हणाल्या. पहिल्या दोन वेळा आळीतली माणसं काठ्या घेऊन धावत आली होती. आता कुणी खिडकीतून मानसुद्धा काढत नाही. तुझी आई जेवण झालं की उशी काखेत मारून सुलाबाईंच्या सोप्यात जाऊन निजते. स्वतःच्या घरात दुपारची झोप नाही, मग ती राखण कोणासाठी करायची?

पाव्हण्यांना म्हणावं पाडवा झाला की एकदा येऊन जा. आणखी एक गोष्ट. पेठेतल्या चार दुकानदारांना मी अलार्मबद्दल बोललो होतो. सराफ, औषधवाला, खताचा दुकानदार आणि किराणावाला. चौघंही घ्यायला तयार आहेत, पण आधी चालताना बघायचा म्हणतात. तर रविवारी २६ तारखेला पाव्हणे आले की चौघांना घरीच बोलावतो. माझ्या जावयाचं काम आहे म्हणून मी छाती पुढं काढून सांगितलं आहे, तेव्हा नीट तयारीनं यावं.

सणाला गोडधोड करा, आणि पाव्हण्यांना माझा निरोप विसरू नकोस.

तुझा,
आप्पा


सांगली,
दि. २८ मार्च २०२३

ती. आप्पांस,
न. वि. वि.

आज शिरसाष्टांग लिहायला हात होत नाही, म्हणून लिहिलं नाही.

हे रविवारी संध्याकाळी घरी आले, गाडी लावली आणि अंघोळीला गेले. जेवले नाहीत. मला वाटलं ऊन लागलं. सोमवारी सुलाबाईंनी आईच्या फोनवरून मला सगळं सांगितलं, तेव्हा कळलं.

ह्यांनी नवा सेन्सर बसवला, तुकडे जवळ सरकवले, चार वेळा दार उघडून दाखवलं आणि चारही वेळा अलार्म बरोबर वाजला. चौघं दुकानदार खूष होते. मग आई चहा ठेवायला गेली, सगळे बोलत बसले आणि बंद दारानं तो आपोआप वाजला. हे मी समजू शकते. तुम्ही शरमला असाल, कारण शब्द तुम्ही टाकला होता. पण म्हणून त्या चौघांदेखत तुम्ही म्हणालात की दोन तारा सरळ जोडता येत नाहीत अशा माणसाच्या गळ्यात मी पोरगी बांधली? सुलाबाई म्हणतात की तुम्ही हे आईच्या कानाशी बोलायला गेला होता. आप्पा, तुमचं कानाशी बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू जातं. तुम्हाला हे कधी कुणी सांगितलं नाही, आज मी सांगते.

ह्यांनी हत्यारं पिशवीत भरली आणि चहा न घेता निघाले. ऐंशी-नव्वद किलोमीटर गाडी चालवत आले. सराफांनी काल फोन करून सध्या नको म्हणून कळवलं. बाकीच्या तिघांनी तेवढंही केलं नाही.

ह्यांचा एक मित्र शिरवळला कारखान्यात आहे. तिथं पाळीवर माणसं घेतात. हे आज त्याला फोन करत होते. दुकान बंद करून जायचं म्हणतात. मी इथं सासरी आणि हे तिथं खोली घेऊन राहणार. कारखान्याच्या नोकरीतून पाच वर्षांपूर्वी बाहेर पडायला ह्यांना किती धीर गोळा करावा लागला होता, ते मी बघितलं आहे.

तुमच्या उत्तराची वाट बघते.

क्रांती


वडूज,
दि. ३ एप्रिल २०२३

श्री. धैर्यशीलराव यांस,
स. न. वि. वि.

क्रांतीचं पत्र पोचलं. मी बोललो ते चारचौघांत बोलायला नको होतं, हे मान्य. मात्र जे बोललो त्याला कारण होतं, हेही आपण मान्य कराल. नवा सेन्सर बसवल्यावर पंधरा मिनिटांत तो पुन्हा वाजला. आपण गेल्यानंतरच्या आठवड्यात आणखी चार वेळा वाजला. शेवटच्या वेळी मी स्टुलावर चढून वायर उपटली.

डबा, सायरन आणि दोन्ही सेन्सर खोक्यात भरून एस.टी.च्या पार्सलनं आपल्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवले आहेत. भिंतीतली भोकं मी स्वतः पांढऱ्या सिमेंटनं बुजवली. आम्ही एक कुलूप जास्तीचं लावू. वस्तू सदोष होती, माणूस वाईट आहे असं माझं म्हणणं नव्हतं.

शिरवळचं ऐकलं. हाताला कायमचं काम असलेलं बरं, एवढंच मी म्हणू शकतो.

दोघांची प्रकृती जपावी.

आपला,
हंबीरराव घार्गे


सांगली,
दि. १४ एप्रिल २०२३

ती. आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं ह्यांना आलेलं पत्र ह्यांनी वाचून घडी करून गल्ल्यात ठेवलं. उत्तर मी लिहिते आहे, आणि ते ह्यांना न विचारता.

पार्सल ५ तारखेला मिळालं. मला वाटलं हे ते खोकं उघडणारसुद्धा नाहीत. पण त्याच संध्याकाळी ह्यांनी तुमचाच डबा, तुमचाच सायरन आणि तुमच्याच दाराचा सेन्सर दुकानाच्या आतल्या दाराला लावला. आठ दिवस चोवीस तास चालू ठेवला. दुपारच्या उन्हात, पंखा लावून, लाइट जाऊन आल्यावर, सगळं करून बघितलं. एकदाही आपणहून वाजला नाही. मी दार उघडलं की वाजतो, नाहीतर गप्प. एका वहीत ह्यांनी तासातासाची नोंद केली आहे. ती बघताना मला तुमची डायरी आठवली आणि रडू आलं.

काल रात्री जेवताना हे म्हणाले की यंत्र बरोबर आहे. मग ते वाजतं म्हणजे त्या दोन तुकड्यांत खरंच अंतर पडतं. दार बंद आहे, कडी आहे, तरी अंतर पडतं. म्हणजे दार हलत नाही, चौकट हलते. आणि चौकट भिंतीत असते. मी म्हटलं मग हे आप्पांना कळवा. त्यावर म्हणाले की मामांना त्यांच्या घरातला दोष मी सांगायचा, तोही आत्ता, म्हणजे मी माझी कातडी वाचवतोय असंच त्यांना वाटणार. आणि ताटावरून उठले.

म्हणून मी सांगते. मागच्या दाराच्या चौकटीवरून शेजारच्या भिंतीवर जाईल अशी पेन्सिलीनं एक आडवी रेघ ओढा. तिच्या वरच्या अंगाला, जिथं चौकट आणि भिंत मिळते तिथं, कागदाची पट्टी खळीनं चिकटवा. सकाळी आणि दुपारी तीनला बघा. रेघ सरळ राहिली आणि पट्टी फाटली नाही तर तुमचं म्हणणं खरं. मी पुन्हा विषय काढणार नाही.

शिरवळहून ह्यांना २ मेला मुलाखतीला बोलावलं आहे.

एवढं एक लेकीसाठी करा.

तुमची,
क्रांती


वडूज,
दि. २० एप्रिल २०२३

चि. सौ. क्रांतीस,
अ. आ.

हे घर दोन हजार नऊ साली भाऊसोनं बांधलं. भाऊसो आणि मी चौथीपर्यंत एका बाकावर होतो. विटा मी स्वतः वाजवून घेतल्या. भिंतींना पाणी मी मारलं. पायाच्या वेळचे पंधरा दिवस कानाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला होतो, तेवढे सोडले तर एक दिवस मी जागेवरून हललो नाही. चौदा वर्षांत या घरात पाण्याचा एक थेंब गळला नाही. आता अलार्म चालत नाही म्हणून घर वाकडं, हे मला पटणारं नाही. माझ्याजवळ बोललीस ते बोललीस, भाऊसोच्या कानावर हे जाता कामा नये.

तरी तू सांगितलंस म्हणून काल रेघ ओढली आणि पट्टी लावली. आठ दिवस बघून कळवतो.

तुझा,
आप्पा

ता. क. क्रांते, पत्र टाकाया मीच निगालीय म्हनून खाली लिवते. तुजा बा पट्टी लावल्यापास्नं तासातासाला तितं जातुय. काल तीन वाजता बॅटरी घिऊन रेघ बघत हुता. मी काय दिसतं म्हनून खुनावलं तर बॅटरी इजवून भाईर गेला. जेवला बी न्हाई नीट. मागली खाट त्यानं उचलून म्होरल्या खोलीत टाकलीय, का ते सांगत न्हाई. जावयबापूंना म्हनावं मामी तुमास्नी इसरली न्हाई. आई.


वडूज,
दि. २९ एप्रिल २०२३

चि. धैर्यशील यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जमेल तसं लिहितो.

रेघ ओढली त्याच दुपारी ती मोडली. चौकटीवरचा तुकडा खाली आणि भिंतीवरचा वर, मधे ज्वारीच्या दाण्याएवढा फरक. दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅब गार झाल्यावर रेघ पुन्हा जवळजवळ जुळली. मला वाटलं नजरेचा दोष असेल. दुपारी परत मोडली. उन्हानं स्लॅब तापून फुगला की चौकट ढळत होती, म्हणून तुझा अलार्म दुपारीच वाजायचा. आणि सकाळी जुळणारी रेघ दर दिवशी थोडी कमी जुळत होती. तिसऱ्या दिवशी कागदाची पट्टी मधोमध फाटली.

मग मी बाहेरून बघितलं. मागच्या कोपऱ्यात फरशीवर काठी आपटली. मला आवाज येत नाही, पण भरीव जमिनीवर आपटलेली काठी हाताला झिणझिण्या आणते. इथं हाताला काहीच लागलं नाही. पायाशी पहार घातली, तर लोण्यात जावी तशी निम्मी आत गेली. वर काढली ती ओली. न्हाणीचा पाइप आत कुठंतरी फुटला होता आणि कोण जाणे किती महिने पाणी त्याच कोपऱ्यात मुरत होतं. वर स्लॅबवर हजार लिटरची टाकी. ती मी त्याच तासाला रिकामी केली.

भाऊसोला बोलावलं. त्यानं पहार बघितली आणि खाली बसला. मी पुण्याला दवाखान्यात होतो तेव्हा पाया खणताना त्या कोपऱ्यात मुरूम काढून नेलेला जुना खड्डा निघाला होता. खालपर्यंत खणून भरायला महिना लागला असता आणि वास्तूचा मुहूर्त धरलेला होता. त्यानं राडारोडा आणि माती टाकून खड्डा बुजवला आणि वर भिंत चढवली. हे त्यानं मला वहीत लिहून दाखवलं, कारण ओरडून सांगायची त्याला लाज वाटत होती. चौदा वर्षं तो माझ्याकडं चहाला यायचा आणि मागच्या अंगणात कधी बसायचा नाही, हे आता माझ्या ध्यानात आलं. मी त्याला काय बोललो ते लिहीत नाही. तो निघून गेला.

२६ तारखेला दुपारी वळवाचा पाऊस झाला. त्यात मागच्या दारावरचा सिमेंटचा आडवा लिंटेल तडकला आणि वरच्या विटा खोलीत कोसळल्या. तुझ्या मामीची खाट तिथंच असायची. मी ती आधीच पुढच्या खोलीत नेली होती, आणि नेली ती क्रांतीच्या पट्टीमुळं. विटांचा ढीग बघून मामी एवढंच म्हणाली की ते पोरगं खरं बोलत हुतं. मला ऐकू आलं नाही, पण ओठ कळले.

काल सकाळी मी टोपी घालून पेठेत गेलो. सराफाकडं, औषधवाल्याकडं, खताच्या दुकानात आणि किराणावाल्याकडं. चौघांना सांगितलं की त्या दिवशी मी जावयाला जे बोललो ते खोटं होतं. अलार्म बरोबर होता. खोट माझ्या घराच्या पायात होती. चौघांनाही घरी आणून कोपरा दाखवला. खतवाल्यानं विचारलं की आता हे घर कुणी विकत घेईल का. म्हटलं नाही घेणार, पण माणूस खोटा पडण्यापेक्षा ते परवडलं. सराफ आणि औषधवाले तुला फोन करतील. बाकीच्या दोघांचं मी सांगू शकत नाही.

धैर्यशील, मी तुझ्यापेक्षा वयानं मोठा, तुझा सासरा. त्या दिवशी तू उलट एक शब्द बोलला नाहीस. तू बोलला असतास तर मला आज हलकं वाटलं असतं. माझं चुकलं. तुझ्या कामाबद्दल आणि तुझ्याबद्दलही. शिरवळला जायचं की नाही ते तू आणि क्रांती ठरवा. मी मागे हाताला कायमचं काम बरं असं लिहिलं होतं. ते फुरंगटून लिहिलं होतं, ते सल्ला म्हणून धरू नकोस.

कोपरा टेकूवर उभा आहे. दुरुस्तीला माणूस बघतो आहे.

तुझा,
हंबीरराव


सांगली,
दि. ६ मे २०२३

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. आमच्याकडून नेहमी क्रांतीच लिहिते. तिनं आज कागद-पेन पुढ्यात ठेवलं आणि माझ्या माहेरचं तुमचं तुम्ही बघा म्हणून बाहेर गेली.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी शिरवळला होतो. मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं की स्वतःचा धंदा का सोडताय. मी म्हटलं जमला नाही. ते म्हणाले जमला नाही की जमू दिला नाही.  त्यांनी घेतलं मला. एक तारखेपासून या म्हणाले. घरी आलो तर क्रांतीनं तुमचं पत्र हातात ठेवलं. मी ते उभ्यानंच वाचलं.

मामींची खाट तुम्ही आधीच पुढच्या खोलीत नेली होती, हे वाक्य मी दोनदा वाचलं. बाकीचं नंतर.

मला त्या दिवशी लागलं, हे खोटं कशाला बोलू. तुम्ही बोललात म्हणून लागलं, त्याहून जास्त मला स्वतःला ते खरं वाटायला लागलं होतं म्हणून लागलं. आधी सेल बदलायला लावला, मग सेन्सर बदलला आणि भिंतीकडं एकदाही बघितलं नाही. कारण मलाही माझ्याच जोडणीचा संशय होता. चौकटीवरची प्लास्टरची भेग मी पहिल्याच खेपेला बघितली होती आणि तिच्यावरून वायर नेली होती. तेव्हा चूक सगळी तुमच्या पदरात टाकू नका. थोडी माझ्याकडंही राहू दे.

सराफांनी फोन केला. त्यांचं काम मंगळवारी सुरू करतो. औषधवाल्यांनी अजून केला नाही. शिरवळला येत नाही म्हणून काल कळवलं. दुकान चालेलच असं नाही, पण अजून वर्षभर बघू, असं आम्ही दोघांनी ठरवलं. क्रांती हिशेबाला दुकानात बसणार आहे.

आता एक गोष्ट तुम्हाला विचारून करायला हवी होती, ती न विचारता केली आहे. सुलाबाईंकडून भाऊसोंचा नंबर घेतला आणि त्यांना फोन केला.  ते म्हणाले की त्यो खड्डा किती लांब आणि किती खोल हाय ते माझ्याबिगर कुनाला ठाव न्हाई. मी म्हटलं मग तुम्हालाच यावं लागेल. तुमचा राग मला पटतो, तो तुमचा आहे, मी त्यात पडत नाही. पण दुसरा गवंडी अंदाजानं खणेल आणि ते माहितीनं खणतील. ज्या घरात मामी निजतात तिथं मला अंदाज नको आहे. ते रविवारी १४ तारखेला सकाळी आठला येतील. मी त्याआधी पोचतो. क्रांतीही बरोबर आहे.

कोपऱ्यातली मापं घ्यायची आहेत. फितीचं एक टोक मी धरीन, दुसरं तुम्ही धरा. भाऊसो खुणा करतील तिथं चुना टाकू. कुणाला कुणाशी बोलायची गरज पडणार नाही, टोक ताणून धरलं की पुरे.

मामींना नमस्कार. आम्ही दुपारी जेवायला असणार आहोत, एवढं त्यांना सांगा.

तुमचा,
धैर्यशील